सायकलीवरून सातवाहनांच्या वाटेनें

सायकलीवरून दूरचा प्रवास करावयाचा म्हटलें कीं, आपण आधीं पंक्चरचें साहित्य आणि शिदोरी यांची यादी करतों. जुन्या व्यापारी मार्गानें जावयाचें असेल तर मात्र पहिला प्रश्न निराळा असतो : त्या वाटेवरून चाक कधीं गेलें होतें काय ?

कल्याण बंदरापासून सातवाहनांच्या पैठणपर्यंतचा मार्ग घेऊं. आजच्या रस्त्यांनीं हें अंतर सुमारें ३०० किलोमीटर. रमतगमत ५ दिवस पुरावेत. मुरबाडवरून वैशाखऱ्यापर्यंत कांहींच अडचण नाहीं. पुढें नाणेघाट उभा राहतो. खडकांत पायऱ्या असलेली ही वाट माणसांची व पाठाळ जनावरांची, गाड्यांची नव्हे. माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत पडत, असें परंपरा सांगते. तेथल्याच लेण्यांत राणी नागनिकेचा मानला जाणारा ब्राह्मी लेख असून, यज्ञांत दान दिलेल्या गाई व कार्षापण यांचे आंकडे त्यांत कोरले आहेत. एवढी मोठी दानें घाटाच्या तोंडाशींच कां कोरावीं, हें त्या चिंचोळ्या खिंडींत उभें राहिल्यावर समजतें.

सायकल खांद्यावर घेऊन हा घाट चढण्याची हौस कित्येकांस असते. मला ती पटत नाहीं. सायकल माळशेजच्या रस्त्यानें न्यावी, जुन्नरास मुक्काम करावा, आणि दुसरे दिवशीं घाटघराकडून येऊन नाणेघाट पायीं उतरावा व पुन्हा चढावा. एक दिवस मोडतो, पण वाट खरी कळते.

चाकाचा पुरावा हवा असेल तर तो दुसऱ्याच मार्गावर सांपडतो. इ. स. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथाप्रमाणें पैठणचा माल गाड्यांतून भडोचला जाई. पैठण तेथून दक्षिणेस २० दिवसांवर. तोच ग्रंथ सांगतो कीं, कल्याणचा व्यापार त्या वेळीं अडविला गेला होता, आणि चुकून तेथें आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचला नेत. म्हणजे बंदराचें दैव फिरलें कीं घाटाचेंही फिरे. म्हणून नकाशा उघडण्यापूर्वीं आपण कोणत्या शतकाच्या वाटेनें निघालों आहों, हें ठरवावें.

पावसाळा टाळावा, नाणेघाटाच्या पायऱ्या निसरड्या होतात. जुन्नरास लेण्याद्रीचीं ३० लेणीं आहेतच, पण गांवाभोंवतालच्या इतर लेण्यांतील लेखही पाहावे : दात्यांत धान्यविक्यांची श्रेणी आहे, यवनही आहेत. तेथून अहिल्यानगर, मग शेवगांव. आणि गोदावरी ओलांडली कीं पैठण.