आश्रय व संरक्षणाचे वाक्प्रचार

आश्रय, संरक्षण आणि पुरस्कार या अर्थांचे मराठी वाक्प्रचार मुख्यतः राजचिन्हे, देवमूर्तीचे हात, वस्त्राचा पदर आणि माणसाची पाठ यांवरून घडले आहेत. राजावर धरले जाणारे छत्र हे सार्वभौमत्वाचे चिन्ह असल्याने त्याच्या सावलीत, म्हणजे छत्रछायेत, असणे म्हणजे निर्धास्त असणे. पुढे ही कल्पना घरात आली आणि वडील वारल्यावर पितृछत्र हरपले असे म्हणण्याची रीत पडली. वरदहस्त हा शब्द मूर्तीच्या वर देणाऱ्या हातावरून आला असून, राजकारणात तो आज बहुधा गैरकृत्याला मिळणाऱ्या छुप्या पाठिंब्यासाठी वापरला जातो, ही त्याची मोठीच घसरण होय.

पदराचा व्याप अधिक रोचक आहे. पदरी असणे म्हणजे एखाद्याच्या चाकरीत व म्हणूनच त्याच्या संरक्षणात असणे; उलट पदरमोड करणे म्हणजे पदराच्या गाठीला बांधलेला स्वतःचा पैसा परक्याच्या किंवा सार्वजनिक कामासाठी खर्चणे. संस्थांच्या सभासदवर्गातील ‘आश्रयदाता’ आणि कार्यक्रमपत्रिकेवरील ‘प्रायोजक’ या दोन्ही शब्दांपेक्षा त्यागाची छटा पदरमोडीतच स्पष्ट उतरते.

छत्र आणि हात वरून येतात, तर पाठीराखा, पाठबळ, पाठीशी उभे राहणे या शब्दांत रक्षणकर्ता मागे असतो आणि पुढे चालणारा स्वतःच्या पायांवर चालतो. नववधूसोबत सासरी जाणारी पाठराखीण याच कुळातली. सोलापूरजवळील कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी उभी राहिलेली आणि २००६ मध्ये लोकार्पण झालेली गोदूताई परुळेकर वसाहत कामगारांचा स्वतःचा वाटा, सरकारी अनुदान आणि माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील संघटना यांतून साकारली, म्हणून तिचे वर्णन करताना छत्रछायेपेक्षा पाठबळ हाच शब्द नेमका ठरतो.

फारसी-अरबीतून आलेला वाली, म्हणजे रक्षणकर्ता, हा ‘कोणी वाली नाही’ अशा नकारातच अधिक भेटतो. इंग्रजीतून आलेला गॉडफादर मूळचा ख्रिस्ती बाप्तिस्म्यात मुलाच्या धर्मशिक्षणाची हमी घेणारा पुरुष असून, मारिओ पुझो यांची १९६९ मधील कादंबरी व तिच्यावरील १९७२ चा चित्रपट यांनंतर त्या शब्दाला गुन्हेगारी टोळीच्या म्होरक्याचा अर्थ जगभर चिकटला. ‘अंडर द जॉइंट ऑस्पिसेस’ या ज्या इंग्रजी शब्दप्रयोगासाठी मराठी निमंत्रणपत्रिका ‘संयुक्त विद्यमाने’ छापतात, त्याचे मूळ मात्र पक्ष्यांच्या हालचालींवरून शकुन पाहण्याच्या रोमन प्रथेत आहे.