सुरतेंतील चहा : पेय कीं औषध?

चहा हें पेय आपल्या देशांत इंग्रजी अमलांत, आसामचे मळे उभे राहिल्यावर आलें, असा सर्वसाधारण समज आहे. लागवडीपुरता तो बराचसा खरा, पिण्यापुरता नाहीं. सतराव्या शतकांतच सुरत बंदरांत चहा नित्याचा झाला होता, व तोहि औषध म्हणून, असें दाखविणारे दोन उल्लेख आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

पहिला मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाचा. हा इ. स. १६३८ त सुरतेस आला. तेथील इंग्रजांच्या रोजच्या बैठकींत केवळ चहाच घेतला जाई. इंग्रज व डच लोक जठर शुद्ध करणारें व शरीरांतील फाजील रस पचविणारें औषध म्हणून तो घेत आणि देशी लोकांतहि तो चालू होता, असें त्याच्या वृत्तांतांत आहे. परंतु मांडेल्स्लो १६४४ त वारला. त्याचें लिखाण ओलेआरियस यानें संपादून छापलें व पुढील आवृत्त्यांत परक्या मजकुराची बरीच भर पडली. म्हणून या एकाच उल्लेखावर सगळा भार टाकणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

दुसरा उल्लेख अधिक भक्कम आहे. ज्या वर्षीं संभाजी महाराजांचा वध झाला त्याच वर्षीं, म्हणजे १६८९ त, ओव्हिंग्टन नांवाचा पाद्री कंपनीच्या जहाजावरून इंग्लंडाहून निघाला. त्याचें सुरतेचें प्रवासवर्णन १६९६ त प्रसिद्ध झालें. डचांच्या घरीं चहाचें भांडें चुलीवरून क्वचितच उतरे, असें तो लिहितो. पाण्यांत कांहीं उष्ण मसाला उकळून केलेला चहा डोकेदुखी, मुतखडा व पोटांतील मुरडा यांवर गुणकारी मानीत; सोबत खडीसाखर, किंवा चोखंदळ असल्यास मुरवलेलीं लहान लिंबें घेत. दुधाचें नांव येथें नाहीं. चहा सर्व हिंदुस्थानांत पितात हें त्याचें विधान मात्र आम्ही सुरतेपलीकडे ताणूं इच्छीत नाहीं. बंदरावरून देशाची परीक्षा करण्याची खोड सर्वच प्रवाशांना असते. शिवाय याच गृहस्थानें १६९९ त चहाच्या गुणांवर स्वतंत्र निबंध लिहिला, तेव्हां त्याची साक्ष चहाच्या कैवाऱ्याची आहे, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आतां त्या तीन रोगांचा विचार. डोकेदुखीची गोष्ट निराधार नव्हे. १८२७ त चहांतून एक द्रव्य वेगळें काढण्यांत आलें, तें कॉफींतील कॅफीनच असल्याचें पुढें ठरलें. तें मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचित करितें व आजहि कित्येक वेदनाशामक गोळ्यांत घालतात. मात्र नित्य पिणाराचा चहा चुकला कीं त्याचेंच डोकें दुखूं लागतें, हें सांगावयास शास्त्रज्ञाची गरज नाहीं. मुतखड्यास पुष्कळ पाणी हितकर, म्हणून चहाचाहि उपयोग होत असेल. पण चहांत ऑक्झलेट असतें आणि बहुतेक खडे त्याचेच बनतात. मुरड्याच्या बाबतींत श्रेय पानापेक्षां आगीला अधिक द्यावें लागेल, कारण उकळल्यानें पाण्यांतील रोगजंतु मरतात. जंतूंमुळें रोग होतात हें ज्ञान त्या काळीं रूढ नव्हतें. गुण आला तो पानाच्या नांवावर जमा झाला.

उलट बाजूहि आहे. चहांतील टॅनिन जेवणाबरोबर घेतल्यास धान्य व भाज्यांतील लोह अंगीं लागण्यास अडथळा करितें. तसेंच ६५ अंशांहून अधिक उष्ण पेयें अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारण होतात, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१६ त दिला. डचांच्या त्या चुलीवरच्या भांड्याची येथें आठवण होते.

परकीयांच्या या साक्षीस देशी कागदांची जोड हवी आहे. सुरतेशीं हुंडीव्यवहार असलेल्या पेढ्यांच्या वह्या आणि वैद्यांचीं बाडें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं चा, चाह, चहा अशा कोणत्याहि रूपानें हा जिन्नस आढळल्यास मिति, वजन व भाव यांसह मूळ ओळ जशीच्या तशी उतरून घ्यावी, आणि ती किराण्यांत लिहिली आहे कीं औषधांत, हें अवश्य नोंदवावें.