मामा, पहिली गाडी कुठली घेऊ?

परवा भाच्याने फोनवर विचारलं आणि मी थेट १९८५ सालात पोचलो.

त्याआधी निवड ती काय? बुलेट, राजदूत, नाहीतर येझदी. नवशिक्याची परीक्षाच! बुलेटचा गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. येझदीत किकचा दांडाच पुढे वळवला की गियरचा दांडा व्हायचा. अंगाने तर अशा दणकट, की कलंडली तर उचलायला दुसरं माणूस हवं.

मग १९८४-८५मध्ये जपानी तंत्राच्या १०० सीसी गाड्या आल्या. इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १००. आमच्या घरी भांडण शेवटच्या दोघींवरून. दादाला आरएक्सच हवी होती. टू-स्ट्रोक, ११ हॉर्सपॉवर, आणि तो आवाज! बाबांचं मत सीडीला. फोर-स्ट्रोक, पेट्रोल कमी पिते, वर पेट्रोलबरोबर ऑईल जाळत नाही. पैसे बाबांचे, त्यामुळे सीडी आली. दादा आठवडाभर जेवताना बोलला नाही. (आईने मात्र पेढे वाटले.)

मी तिच्यावरच शिकलो. गल्लीत चारदा पाडली, चारही वेळा एकट्याने उचलली.

भाच्याला हे सगळं ऐकवलं. तर म्हणतो, "ते ठीक आहे रे मामा, पण तुला कुठली हवी होती?"

आरएक्स.