कृष्णेचा कालवा आणि रात्रीचा पक्षी

श्रोतेहो, कोठीतील रेसिडेन्सीची भव्य वास्तू आपल्यापैकी बहुतेकांनी येता-जाता पाहिली असेल. ती उभारणाऱ्या जेम्स कर्कपॅट्रिकच्या विवाहाविषयी एवढे लिहिले गेले आहे की, त्याच्या कारभाराकडे लक्ष द्यायला कोणास सवडच उरलेली नाही. १८०० च्या ऑक्टोबरात निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात जो तह झाला, तो याच रेसिडेंटाच्या कारकिर्दीतला. त्या तहान्वये कडप्पा, बेल्लारी आदी मुलूख निजामाकडून कंपनीकडे गेले आणि पुढे मद्रास इलाख्यात मोडू लागले. आजची हकीकत त्या कडप्पा मुलखातील आहे.

मद्रास इलाख्यात थॉमस जेर्डन नावाचा डॉक्टर नोकरीस होता. वैद्यकीपेक्षा पाखरांचा नाद त्याला अधिक. त्याने मिळविलेल्या एका पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन एडवर्ड ब्लाइथने १८४८ मध्ये प्रसिद्ध केले, आणि तो पक्षी ‘जेर्डनचा धाविक’ म्हणून ओळखला जाऊ लागला. छातीवर दोन पट्टे, मोठाले डोळे, दिवसा झुडपांत दडून राहणे आणि रात्री जमिनीवरून तुरुतुरु धावणे, असे त्याचे रूप आणि वर्तन. तेलुगू लोक त्याला ‘कलिवि-कोडि’ म्हणतात. कोडि म्हणजे कोंबडी आणि कलिवि म्हणजे आपली करवंद! करवंदीच्या जाळीतली कोंबडी, हे नाव आपल्या मुलांना इंग्रजी नावाहून किती लवकर समजेल!

१९०० साली हा पक्षी अनंतपूरकडे दिसला आणि मग दिसेनासा झाला. १९३१-३२ मध्ये निजाम सरकारच्या साहाय्याने सलीम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा तो नामशेष झाल्याचेच बहुतेक धरून चालले होते. परंतु १९८६ च्या जानेवारीत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण यांच्या शोधाला यश आले. कडप्पा जिल्ह्यातील लंकामलै डोंगरांच्या पायथ्याशी, स्थानिक पारध्यांच्या मदतीने, तो पक्षी जिवंत सापडला. शहाऐंशी वर्षे ज्याचा ठावठिकाणा विद्वानांना नव्हता, त्याला तेथील पारधी नावाने ओळखत होते. पुढे १९८८ मध्ये श्री लंकामल्लेश्वर अभयारण्य झाले.

आता दुसऱ्या बाजूचा विचार करू. मद्रास शहराची तहान ही काही खोटी गोष्ट नव्हे. १९७६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र या तीन राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी पाच अब्ज घनफूट पाणी मद्रासला देण्याचे मान्य केले. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा पूर्व किनाऱ्यावरील शहराची तहान भागविणार, ही कल्पनाच केवढी उदात्त! हीच तेलुगू गंगा योजना. १९९६ मध्ये ते पाणी तमिळनाडूत पोहोचले. तथापि वाटेवरील कोरड्या रायलसीमेला भिजविणाऱ्या कालव्यांची कामे त्यानंतरही चालूच राहिली. त्या शेतकऱ्याला पाणी नको, असे म्हणण्याचा अधिकार शहरात नळाखाली घागर भरणाऱ्या आपणांस नाही.

आणि तरीही २००५ च्या अखेरीस जे घडले ते समर्थनीय नव्हते. जगात हा पक्षी जेथे खात्रीने आढळत होता, त्याच झुडपी रानात, अभयारण्याच्या हद्दीत, कालव्यासाठी यंत्रे शिरली आणि खोदाई सुरू झाली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या २९ व्या कलमाप्रमाणे अभयारण्यातील प्राण्यांचा निवारा मोडावयाचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना हवा. आणि वन्यजीव मंडळाशी विचारविनिमय करून, हे वन्यजीवांच्याच हिताचे आहे अशी सरकारची खात्री झाल्याखेरीज तो परवाना देता येत नाही. हा विचारविनिमयाचा दंडक २००२ च्या दुरुस्तीने आला होता. त्याची शाई अजून ओलीच होती म्हणा ना!

विचारले असते तर उत्तर देणारी माणसे तेथेच होती. हा पक्षी डोळ्यांना सहसा दिसत नाही. म्हणून सोसायटीचे संशोधक झुडपांमधील मोकळ्या जागी चाळलेल्या मऊ मातीचे पट्टे अंथरीत आणि सकाळी त्यांवरील पावलांचे ठसे तपासीत. धाविकाला तीनच बोटे, मागचे बोट नाही. त्यामुळे त्याचा ठसा ओळखता येई. अशी वर्षानुवर्षे जमविलेली माहिती अभियंत्यांना एका पत्राने मिळाली असती. त्याऐवजी यंत्रे आली, ती संशोधकांच्याच दृष्टीस पडली, मग वन विभागाने काम थांबविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीपर्यंत गेले आणि अखेर कालव्याचा मार्ग बदलावा लागला. नकाशावर पेन्सिलीने जी रेघ सरकविता आली असती, ती खोदाई झाल्यानंतर सरकविण्यात आली. उखडलेली झुडपे मात्र पुन्हा लावून येत नाहीत.

‘वन खात्याला विचारले की काम कायमचे अडते,’ असा एक समज आहे. आपल्या हैदराबादवरूनच उत्तरेस नागपूरकडे जाणारा चव्वेचाळीस क्रमांकाचा महामार्ग पुढे पेंचच्या वाघांच्या रानातून जातो. तो रुंद करण्याचा वाद न्यायालयांत बरीच वर्षे रेंगाळला, हे खरे. परंतु देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा सल्ला घेऊन महाराष्ट्राच्या हद्दीत रस्त्याखाली जनावरांसाठी नऊ वाटा ठेवण्यात आल्या. २०१९ मध्ये तेथे कॅमेरे लावून पाहणी झाली, तेव्हा अठरा जातींचे वन्य प्राणी त्या वाटांनी ये-जा करताना आढळले. त्यांत अकरा वाघ होते. वर मोटारी धावतातच आहेत.

धाविकाचे दैव एवढे चांगले नाही. २००९ च्या सुमारानंतर बरीच वर्षे त्याची खात्रीलायक नोंद झाली नाही. मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये वृत्त आले की, आंध्र प्रदेशात रात्रीच्या वेळी काही पक्षिनिरीक्षकांनी त्याची ती दोन स्वरांची हाक ध्वनिमुद्रित केली आहे.