यूटिला बेटाचा जुना रहिवासी

बेटांचा इतिहास आपण बहुतेक वेळा जहाजांपासून सुरू करतो. कॅरिबियन समुद्रातल्या होंडुरासच्या 'बे आयलंड्स'चंही तेच झालं. १५०२ साली कोलंबस चौथ्या सफरीत तिथे पोहोचला. १८५२ला ब्रिटिशांनी या बेटांची वसाहत केली आणि १८५९च्या करारानुसार ती होंडुरासला देऊन टाकली. यातल्या यूटिला बेटाविषयी वाचताना मला या सर्वांच्या आधीपासूनचा एक रहिवासी भेटला.

तो म्हणजे काटेरी शेपटीचा इग्वाना, सरड्याच्या जातकुळीतला मोठा प्राणी. यूटिला ५० चौरस किलोमीटरही भरत नाही, आणि जगात तो फक्त इथेच आढळतो. १९०१ साली लिओनहार्ड स्टायनेगर या अभ्यासकाने त्याची शास्त्रीय नोंद केली. बेटावरचे इंग्रजी बोलणारे लोक त्याला 'स्वॅम्पर' म्हणतात, म्हणजे दलदलीत राहणारा.

नाव अगदी चपखल आहे. खारफुटीच्या खोडांतली पोकळी हे त्याचं घर. तिथली पानं, फुलं आणि खेकडे हे त्याचं अन्न. पण भरतीच्या चिखलात अंडी उबत नाहीत. त्यासाठी कोरडी, उन्हाने तापलेली वाळू लागते. म्हणून दरवर्षी मादी जंगल सोडून किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि परत जाते. पिल्लं काही काळ किनाऱ्यावरच्या झुडपांत वाढतात, मग खारफुटीत शिरतात.

धोका नेमका याच वाटेवर आहे. बेटावर त्याचं मांस आणि अंडी खाण्याची जुनी रीत आहे. अंड्यांवर आलेली मादी सहज हाती लागते आणि एका शिकारीत पुढची पिढीही जाते. पर्यटन वाढलं तसे किनारे विकले जाऊ लागले, उरलेल्या वाळूवर समुद्रातून वाहून आलेलं प्लास्टिक साचलं.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस बेटावर संशोधन केंद्र उभं राहिलं. तिथे माद्यांची अंडी उबवून पिल्लं जंगलात सोडली जातात. २०१०च्या दोहा परिषदेत या प्राण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आलं.

पण परदेशी व्यापार रोखणारा करार बेटावरचं बांधकाम थांबवू शकत नाही. खारफुटी राखली आणि किनारा विकला, तर झाडांच्या पोकळीत म्हातारे इग्वाना तेवढे उरतील.