पाचांतला पाचवा

उन्हाळ्यात आमच्या घरी लिंबाच्या सरबतात चमचाभर गुलाबपाणी पडते. मी त्याला ‘पंच’ म्हणतो. मुले हसतात; शब्द साहेबाचा वाटतो ना! पण साहेबाने तो आपल्याकडूनच उचलला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. (पिंपाच्या इंग्रजी नावाशी त्याचे नाते जोडणारेही आहेत.)

१६३८ साली सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने तिथल्या इंग्रजांच्या पेयातले जिन्नस टिपले आहेत: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. फुलाफळांची ही जोडी इतकी जुनी! पुढे डॉ. जॉन फ्रायरने गोव्याच्या नेरूळची दारू वाखाणली. तीत इतर जिन्नस मिसळून इंग्रज ‘पाँच’ करतात, हिंदुस्थानीत त्याचा अर्थ पाच, असे तो लिहितो. त्याचे पुस्तक १६९८ साली छापले गेले.

शिक्षकांच्या खोलीत यावरून वाद पेटला. शब्द मराठी की कन्नड? कन्नडचे सर म्हणाले, “आमचे ‘ऐदु’ तर नव्हे! पण सर, पंचामृत आम्हीही घेतोच की.” मी निरुत्तर झालो.

माझ्या पेल्यात लिंबू, साखर, पाणी, गुलाबपाणी असे चारच जिन्नस. फ्रायरचा पाचवा मुख्याध्यापकाला परवडणारा नाही. त्याच्या जागी मी दोन आमसुले भिजत टाकतो.