तारामती आणि सरस्वतीबाई

‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट ३ मे १९१३ रोजी मुंबईस गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात लागला आणि त्यास इतकी गर्दी लोटली की ठरल्यापेक्षा अधिक खेळ करावे लागले. दादासाहेब फाळके हे नाव तेव्हापासून सर्वतोमुखी झाले. त्यांची थोरवी मी नाकारीत नाही. परंतु त्या चित्रपटाच्या घडणीची हकीगत वाचताना माझे लक्ष पुनःपुन्हा त्या घरच्या गृहिणीकडेच जाते.

१९११ साली फाळक्यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला आणि आपले देवही पडद्यावर असे चालावे-बोलावे, हा ध्यास घेतला. रात्रंदिवस त्याच उद्योगात राहून डोळे बिघडले. दृष्टी काही काळ जवळजवळ गेलीच होती. विम्याच्या कागदांवर कर्ज काढून १९१२ मध्ये ते विलायतेस गेले आणि यंत्रसामग्री घेऊन परतले. सावकाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी मातीत पेरलेल्या दाण्याचे रोप कसे वाढते, त्याचे चित्र थोडे थोडे टिपून दाखवले. तरीही पैसा अपुरा पडला, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. दागिना देणे म्हणजे काय, हे येथे कोणास सांगावयास नको. एक वाईट साल आले की प्रथम काय मोडले जाते, हे आपण जाणतोच.

दादरच्या बंगल्यात चित्रीकरण सुरू झाले. नट, कामगार मिळून साठ-सत्तर माणसे घरीच जेवत आणि तो सगळा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. आपल्या मंडळात हळदीकुंकवाला तेवढ्यांचा नुसता फराळ करायचा म्हटले तरी आपण दहाजणी लागतो! ही बाई दिवसभर चुलीपाशी, उन्हातले चित्रण असले की पांढरी चादर धरून नटांवर प्रकाश पाडणार, आणि रात्री अंधारात कोऱ्या फिल्मला हाताने भोके पाडणार. फिल्म धुण्याची रसायनेही ती कालवी. हे काम कोणत्या शाळेत शिकली, असे विचारू नका.

आता गंमत पाहा. एवढी खटपट करून तारामतीसाठी बाई मिळेना. वर्तमानपत्रात जाहिरात दिली, नाचगाण्याचा धंदा करणाऱ्या स्त्रियांनाही विचारले. त्यांनासुद्धा हे काम कमीपणाचे वाटले. सरस्वतीबाईंनाच विचारणा झाली, तर त्यांनी ती नाकारली. आणि का नाकारू नये? शेवटी उपाहारगृहात दहा रुपये पगारावर काम करणाऱ्या अण्णा साळुंके ह्या तरुणास पंधरा रुपये देऊन पातळ नेसवले. बाकीच्या ‘बायकां’चा प्रश्न होता मिशांचा. बाप जिवंत असता मिशी काढायची नाही, अशी रूढी. तेव्हा त्यांच्या वडिलांची समजूत घालावी लागली.

वांगणी गावी बाहेरचे चित्रण होते. ढाल-तलवारी घेतलेली मंडळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आले असे वाटले आणि सगळ्यांना अडकवून ठेवण्यात आले. फाळक्यांनी यंत्र दाखवून कशीबशी सुटका करवली. त्याच मुक्कामात रोहिदासाचे काम करणारा त्यांचा मुलगा भालचंद्र खडकावर पडून बेशुद्ध झाला. रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग घ्यावयाचा राहिला होता. तो त्या बेशुद्ध मुलावरच उरकला, असे सांगतात. कार्यनिष्ठा म्हणून ह्या गोष्टीचे कौतुक होते. मला मात्र ते करवत नाही. आईला हे कोणत्या शब्दांत कळवले असेल?

चित्रपटाने पैसा दिला आणि १९१३ सालीच बिऱ्हाड नाशिकला गेले. पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई ह्या मायलेकी पडद्यावर आल्या, बाई मिळाली ती अशी. साळुंके मात्र १९१७ च्या ‘लंकादहना’त राम आणि सीता दोन्ही झाले, आणि लोकांनी ते आनंदाने पाहिले.